मेलानोमा सुरुवातीला पसरतो कसा आणि त्यात पेशीच्या मेटाबॉलिझमचा हात किती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न मला लोकांनी विचारलेले आहेत, कुणी स्वतः पेशंट म्हणून, कुणी घरच्यांचा रिपोर्ट हातात धरून, आणि कुणी नुसतंच कुठेतरी "साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल" असं वाचून. मी डॉक्टर नाही. काही वर्षं लॅबमध्ये मेलानोमाच्या पेशी वाढवायचं काम केलंय, तेव्हा औषध कुठलं घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, पेशी आत काय उद्योग करते ते इथे वाचा.

स्किन कॅन्सर म्हणजे नेमका कुठला?

इथे फक्त मेलानोमाबद्दल लिहितोय. त्वचेचे कॅन्सर अनेक आहेत, त्यातला बेसल सेल सगळ्यात जास्त आढळतो पण तो सहसा जागा सोडत नाही, स्क्वॅमस सेल कधीकधी सोडतो, आणि मेलानोमा संख्येने कमी असूनही त्वचेच्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा फार मोठा, कारण तो लवकर हलतो. तो सुरू होतो मेलॅनोसाइट नावाच्या रंग बनवणाऱ्या पेशींत. आणि गंमत अशी की या पेशी मुळातच प्रवासी, म्हणजे गर्भात त्या न्यूरल क्रेस्ट नावाच्या भागात जन्मतात आणि तिथून चालत चालत त्वचेपर्यंत येतात. म्हणजे चालायची विद्या त्यांच्या अंगातच आहे, कॅन्सरला ती नव्याने शिकवावी लागत नाही.

मेटाबॉलिझम म्हणजे वजन वाढतं-कमी होतं ते का?

शब्द तोच, पण इथे एका पेशीपुरतं बोलतोय. पेशी आत काय घेते (ग्लुकोज, फॅट, अमिनो अ‍ॅसिड), ते जाळून ऊर्जा किती काढते, त्यातून नवीन पेशी बांधायला माल किती बाजूला ठेवते आणि जळताना जी ठिणगी उडते ती विझवायची सोय काय करते, हा सगळा हिशोब म्हणजे पेशीचं मेटाबॉलिझम. यातली ती ठिणगीवाली गोष्ट लक्षात ठेवा, पसरण्याच्या बाबतीत सगळा खेळ तिथेच आहे. लोक ऊर्जा ऊर्जा करतात आणि ठिणगी विसरतात.

वॉरबर्ग इफेक्ट वाचलं होतं, ते काय?

ऑटो वॉरबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात पाहिलं की ट्यूमरच्या पेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही ग्लुकोज अर्धवटच मोडतात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर टाकतात. एका ग्लुकोजपासून या अर्धवट मार्गाने २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात आणि पूर्ण जाळलं तर ३० च्या आसपास, मग असा तोट्याचा धंदा पेशी का करते हा प्रश्न तेव्हापासून चालू आहे. आजचं उत्तर साधारण असं की हा मार्ग वेगवान आहे आणि अर्धवट मोडलेल्या ग्लुकोजचे तुकडे नवीन पेशी बांधायला वापरता येतात. (वॉरबर्गला १९३१ चं नोबेल मिळालं ते कॅन्सरसाठी नाही हं, श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी. हे इतक्या ठिकाणी चुकीचं छापलंय की सांगून ठेवलेलं बरं.)

हे प्रत्यक्ष दिसतं का?

दिसतं की, चक्क डोळ्यांनी. पेशी वाढवायच्या द्रावणात फिनॉल रेड नावाचा रंग घातलेला असतो, अ‍ॅसिड नसेल तर ते लालसर गुलाबी आणि अ‍ॅसिड वाढलं की पिवळं. साध्या त्वचेच्या पेशींचा फ्लास्क दोन-तीन दिवस तसाच ठेवला तरी फारसं काही होत नाही, पण मेलानोमाचा फ्लास्क मी एकदा शुक्रवारी द्रावण न बदलता विसरून गेलो आणि सोमवारी उघडला तर लिंबाच्या सालीसारखा पिवळाधम्मक, अर्ध्या पेशी सुटून तरंगत होत्या. ते पिवळेपण म्हणजे दोन दिवसांचं लॅक्टिक अ‍ॅसिड. दुसरी गोष्ट, या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की तळाला जी गोळी बसते ती बाकीच्या पेशींसारखी पांढरट नसते, रंग बनवणाऱ्या मेलानोमाची गोळी तपकिरी ते थेट काळी असते, पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं ट्यूबमध्ये कचरा गेलाय.

म्हणजे कॅन्सरच्या पेशीचा मायटोकॉन्ड्रिया बंद पडलेला असतो?

नाही. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे इंधन पूर्ण जाळणारी पेशीतली भट्टी. वॉरबर्गचं तसंच मत होतं, ते बरोबर ठरलं नाही. मेलानोमात बऱ्याच पेशींचा मायटोकॉन्ड्रिया उत्तम चालतो, काहींचा तर नेहमीपेक्षा जोरात.

साधा तीळ मेलानोमा का होत नाही? त्यातही म्युटेशन असतं म्हणतात.

हा माझा आवडता प्रश्न. बीरॅफ नावाच्या जीनमधला एक ठरावीक बदल, व्ही६००ई, मेलानोमात खूप सापडतो हे २००२ मध्ये कळलं, जवळपास अर्ध्या मेलानोमांत बीरॅफ बिघडलेला असतो. मग पुढच्याच वर्षी कळलं की निरुपद्रवी तिळांतही तोच बदल बहुसंख्य वेळा असतो! म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला आहे आणि गाडी जागेवर उभी. कारण पेशीला सुरुवातीला थोडं वाढू दिल्यावर एक ब्रेक लागतो आणि ती म्हातारी झाल्यासारखी गप्प बसते, त्याला सेनेसन्स म्हणतात. २०१३ मध्ये दिसलं की या ब्रेकचा एक भाग मेटाबॉलिझममध्ये आहे: पायरुव्हेट डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे ग्लुकोजचा तुकडा मायटोकॉन्ड्रियात ढकलणारं दार, ते गप्प बसलेल्या पेशीत सताड उघडं असतं. ते दार बंद करणारं पीडीके१ जबरदस्तीने वाढवलं तर पेशी गप्प बसायचं सोडते आणि प्राण्यांत मेलानोमा तयार होतो. म्हणजे तीळ तीळच राहणार की बिघडणार यातसुद्धा इंधन कुठल्या वाटेने जातं याचा वाटा आहे. तिळांना घाबरायची गरज नाही हेही याच गोष्टीतून कळतं, तो ब्रेक बहुतेकांत आयुष्यभर टिकतो.

"सुरुवातीचा प्रसार" म्हणजे नेमकं कुठून कुठे?

त्वचेच्या वरच्या थरात, एपिडर्मिसमध्ये, रक्तवाहिन्या नसतात आणि लसिकावाहिन्याही (लिम्फ नावाचा द्रव वाहणाऱ्या नळ्या) नसतात. मेलानोमा तिथेच आहे तोवर त्याला बाहेर पडायला रस्ताच नाही, रिपोर्टवर "इन सिटू" लिहिलेलं असतं ते हेच. खालचा पातळ पडदा फोडून पेशी डर्मिसमध्ये उतरल्या की मग दोन्ही रस्ते समोर. म्हणून रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी ब्रेस्लो थिकनेस बघतात, अलेक्झांडर ब्रेस्लोने ही पद्धत १९७० मध्ये मांडली. पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली एपिडर्मिसच्या ग्रॅन्युलर थरापासून सगळ्यात खोल गेलेल्या कॅन्सरच्या पेशीपर्यंत सरळ खाली अंतर मोजतो, बस. त्यावरून गाठीचा टप्पा ठरतो: १ मिलिमीटरपर्यंत टी१, मग २ पर्यंत टी२, ४ पर्यंत टी३, त्यापुढे टी४. डागाची रुंदी कितीही मोठी असो, जीव जातो तो खोलीने.

वाढणं आणि पसरणं एकच नाही का?

नाही, आणि माझ्या मते सगळा गोंधळ इथेच होतो. वाढायला लागतो माल, पसरायला लागते सहनशक्ती. एकाच ट्यूमरमध्ये काही पेशी भराभर विभागणाऱ्या आणि काही संथ पण घुसखोर असतात. पीजीसी१-अल्फा नावाचं एक प्रथिन मायटोकॉन्ड्रिया वाढवतं, ते ज्या पेशींत जास्त त्या वाढतात चांगल्या पण घुसत नाहीत, आणि ज्यांत कमी त्या वाढतात हळू पण आजूबाजूच्या टिश्यूत शिरतात, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. बरं पेशी कायमची एका गटातही राहत नाही, परिस्थिती बघून पलटी मारते. घुसताना एक अवतार, मुक्कामाला पोचल्यावर पुन्हा वाढणारा अवतार. त्यामुळे "पसरणारी पेशी" असा काही वेगळा प्राणी असतो असं डोक्यात असेल तर काढून टाका.

रक्तात शिरली की पेशी पसरलीच ना?

अजिबात नाही, बहुतेक मरतात. १९७० मध्ये आयझाया फिडलरने उंदरांच्या मेलानोमाच्या पेशींना किरणोत्सर्गी खूण करून रक्तात सोडलं, तर २४ तासांनी ०.१ टक्क्याहूनही कमी जिवंत उरल्या होत्या. मरायची कारणं अनेक आहेत, प्रवाहाचा मार, रोगप्रतिकारशक्ती वगैरे, पण एक मोठं कारण मेटाबॉलिझमचं आहे आणि ते तुलनेने अलीकडे, २०१५ मध्ये, टेक्ससमधल्या शॉन मॉरिसनच्या लॅबने स्पष्ट केलं. त्यांनी पेशंटकडून घेतलेला मेलानोमा उंदरांत वाढवला आणि पाहिलं की त्वचेखालच्या मूळ गाठीतल्या पेशी निवांत असतात, पण त्याच पेशी रक्तात किंवा लांबच्या अवयवांत सापडल्या की त्यांच्यावर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रचंड असतो. म्हणजे मघाशी म्हटलेली ठिणगी. मूळ जागा सोडली, शेजाऱ्यांचा आधार गेला, ऑक्सिजन आणि लोह दोन्ही भरपूर असलेल्या रक्तात आली, आणि पेशी आतून भाजायला लागली.

ज्या थोड्या वाचतात त्या काय करतात तर ठिणगी विझवायला लागणारा एनएडीपीएच नावाचा रेणू जास्त बनवतात. त्यासाठी फोलेटचा (हे एक बी व्हिटॅमिन) मार्ग वापरतात. शास्त्रज्ञांनी तो मार्ग अडवला तर मूळ गाठ तशीच वाढत राहिली पण लांबचा प्रसार कमी झाला. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण वाढणं आणि पसरणं वेगळं आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

मग मेलानोमा आधी लिम्फ नोडमध्येच का सापडतो?

लिम्फ नोड म्हणजे लसिकावाहिन्यांच्या वाटेवरच्या छोट्या ग्रंथी. याचं एक उत्तर मॉरिसनच्याच लॅबने २०२० मध्ये दिलं. लसिकावाहिन्यांतला द्रव, म्हणजे लिम्फ, रक्तापेक्षा सौम्य असतो: मोकळं लोह कमी, ग्लुटाथायोन (ठिणगी विझवणारा रेणू) जास्त आणि ओलेइक अ‍ॅसिड नावाचं फॅट जास्त. आता हे फॅट का महत्त्वाचं ते सांगतो. पेशीच्या बाहेरच्या आवरणात फॅटचे रेणू असतात, त्यातले ज्यांना बरेच डबल बाँड असतात ते लोहाच्या सान्निध्यात पटकन खराब होतात, एकाचं बिघडलं की शेजारच्याचं बिघडतं आणि शेवटी आवरणच फाटतं, एक प्रकारे पेशी गंजून मरते. या मरणाला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस असं नाव दिलं गेलं. ओलेइक अ‍ॅसिडला डबल बाँड एकच, ते गंजत नाही. लिम्फमधून जाताना पेशी ते उचलते आणि आवरणात बसवते, जणू चिलखत घालून घेते, आणि मग पुढे रक्तात शिरली तरी टिकते. उंदरांत थेट रक्तात सोडलेल्या पेशींपेक्षा लिम्फमध्ये सोडलेल्या पेशींनी जास्त गाठी केल्या.

सेंटिनेल नोड बायोप्सी म्हणजे डागाजवळून निघालेली लसिकावाहिनी ज्या पहिल्या नोडला पोचते तो शोधून काढून तपासणं, डोनाल्ड मॉर्टनने १९९२ मध्ये निळा डाय टोचून करायची पद्धत मांडली ती. मेटाबॉलिझम तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं, पण बघायची जागा बरोबर निवडली होती.

ओलेइक अ‍ॅसिड तर खायच्या तेलात असतं, तेल बंद करू?

नका करू. शरीर ते स्वतःही बनवतं, आणि तुमच्या ताटातलं तेल आणि तुमच्या लिम्फमधलं ओलेइक अ‍ॅसिड यांचं असं सरळ गणित कुणी माणसात मांडलेलं नाही.

त्वचेखालच्या चरबीचा काही संबंध?

आहे. खोल गेलेला मेलानोमा चरबीच्या पेशींना जाऊन भिडतो. न्यूयॉर्कमधल्या रिचर्ड व्हाइटच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की चरबीच्या पेशी आपलं फॅट मेलानोमाच्या पेशीला देतात आणि ती ते एफएटीपी नावाच्या दारांतून आत घेते, मग जास्त वाढते आणि जास्त घुसते. त्यातले बरेचसे प्रयोग झेब्राफिश नावाच्या माशावर आहेत, त्यातल्या काही जाती जवळजवळ पारदर्शक, त्यामुळे काळा मेलानोमा जिवंत माशात पसरताना बाहेरून दिसतो.

लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर टाकतात म्हणालात, तो कचराच ना?

आम्हालाही असंच शिकवलं होतं. पण २०२० मध्येच आलेल्या दुसऱ्या कामात दिसलं की काही मेलानोमा जास्त पसरतात आणि काही कमी, आणि जास्त पसरणारे रक्तातलं लॅक्टेट उलट आत ओढून घेतात, एमसीटी१ नावाच्या वाहकातून. तो वाहक बंद केला की त्यांच्यातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढला आणि प्रसार कमी झाला, मूळ गाठीवर मात्र फार परिणाम नाही. फिरून फिरून गोष्ट तिथेच येते बघा, ठिणगी कोण जास्त सोसतं. शिवाय बाहेर साठलेलं लॅक्टिक अ‍ॅसिड टी-सेल्सना (रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी) लुळं पाडतं, तो आणखी एक फायदा कॅन्सरला.

म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या तर चांगलं की वाईट?

अँटिऑक्सिडंट म्हणजे ती ठिणगी विझवणारा पदार्थ. डब्यावर "फ्री रॅडिकलशी लढतं" (म्हणजे त्या ठिणगीशीच) लिहिलेलं असतं आणि आपण मान डोलावतो. पण लढाई कोणाची सोपी होतेय? वरच्याच २०१५ च्या कामात उंदरांना एन-अ‍ॅसिटाइल-सिस्टीन हे अँटिऑक्सिडंट दिलं तर लांबचा प्रसार वाढला. त्याच वर्षी स्वीडनच्या वेगळ्या गटाने पाण्यातून तेच दिलं, मूळ गाठींची संख्या आणि आकार तेवढाच राहिला पण लिम्फ नोडमधल्या गाठी साधारण दुप्पट झाल्या. माणसांत मेलानोमाबद्दल असा थेट प्रयोग नाही, पण इतर कॅन्सरमध्ये अनुभव बरा नाही: १९९४ च्या फिनलंडच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या सिगारेट ओढणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. माझं मत विचाराल तर मेलानोमा झालेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसाने मोठ्या डोसच्या अशा गोळ्या ऑन्कोलॉजिस्टला न विचारता घेऊ नयेत. फळं-भाज्यांबद्दल हे नाही, प्लीज त्या बंद करू नका. आणि एन-अ‍ॅसिटाइल-सिस्टीन डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी दिलं असेल तर परस्पर थांबवू नका, आपल्या मेलानोमाबद्दल त्यांना सांगा.

साखर सोडली किंवा किटो केलं तर पसरणं थांबेल?

तुम्ही साखर सोडलीत तरी लिव्हर रक्तातलं ग्लुकोज एका पातळीला धरून ठेवतं, पेशीला तुमचा निश्चय कळत नाही. आणि किटोचं तर उलटंही निघालंय, बीरॅफ व्ही६००ई असलेल्या मेलानोमाच्या उंदरांत किटोन बॉडी (फॅट जाळताना बनणारे रेणू) यांच्यातल्या अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटने गाठ जास्त वाढली. हा कॅन्सर जे समोर येईल ते खातो, एक दरवाजा बंद केला की दुसरा शोधतो. ट्रीटमेंट चालू असताना उपाशी राहून वजन घटवलेले लोक मी पाहिलेत, त्याने ताकद गेली ती त्यांचीच.

बीरॅफची औषधं मेटाबॉलिझमवर काम करतात का?

थेट नाही, पण परिणाम तिथे होतो. बीरॅफ रोखणारं वेमुराफेनिब अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं, बीरॅफ बंद केला की ग्लुकोज ओढणं एकदम पडतं, पेट स्कॅनवर (त्याबद्दल पुढे) गाठ काही दिवसांत मंद दिसते. पण काही पेशी मायटोकॉन्ड्रियाकडे वळून तग धरतात आणि पुढे त्याच परत येतात. म्हणून आता सहसा मेक (बीरॅफचा निरोप पुढे नेणारं प्रथिन) रोखणारं दुसरं औषध सोबत देतात, आणि इम्युनोथेरपी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारी औषधं, तर आहेच.

रिपोर्टवर एलडीएच लिहिलंय, ते हेच का?

हो. लॅक्टेट डिहायड्रोजनेज, लॅक्टेट बनवणारं एन्झाइम. लांब पसरलेल्या मेलानोमात ते रक्तात वाढलेलं असेल तर स्टेजमध्ये तशी नोंद करतात. पण नुसतं एलडीएच वाढलं म्हणून कॅन्सर पसरला असं नाही, लिव्हरच्या त्रासात वाढतं, रक्ताचा नमुना नीट हाताळला नाही आणि लाल पेशी फुटल्या तरी वाढतं.

पेट स्कॅन केला की सुरुवातीचा प्रसार कळेल ना?

पेट स्कॅनमध्ये ग्लुकोजसारखा दिसणारा रेणू देतात, त्याला फ्लोरिन-१८ लावलेलं असतं (जे जवळपास ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून अपॉइंटमेंटची वेळ पाळा म्हणतात), आणि ज्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात त्या चमकतात. वॉरबर्गची गोष्टच, फक्त मशीनमध्ये. पण नोडमध्ये दोन-चारशे पेशींचा ठिपका असेल तर एवढ्याशा चमकेतून तो दिसत नाही, म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात नोड काढून मायक्रोस्कोपखाली बघणंच भरवशाचं. स्कॅन स्वच्छ आला तरी डॉक्टर सेंटिनेल नोडचं का म्हणतायत, असं विचारणारे खूप असतात, त्याचं उत्तर हे.

हे सगळं उंदरांतलंच आहे, माणसात कितपत खरं?

रास्त शंका. यातल्या बऱ्याच प्रयोगांतले उंदीर असे असतात की त्यांना रोगप्रतिकारशक्ती जवळपास नसते, नाहीतर माणसाची गाठ त्यांच्यात रुजणारच नाही. म्हणजे प्रसाराच्या नाटकातलं एक मोठं पात्र स्टेजवरच नसतं. पेशी कशी भाजते आणि कशी वाचते हे त्यातून कळतं, पण प्रसार रोखायला मेटाबॉलिझमवरचं औषध आज मेलानोमाच्या नेहमीच्या ट्रीटमेंटमध्ये नाही. ते येईल या आशेवर ट्रीटमेंट पुढे ढकलू नका.

मग मी आज काय बघू?

तीळ बघा. दोन बाजू सारख्या नसणं, कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदलतोय का. बाकीच्या तिळांत एकटाच वेगळा दिसणारा असेल तो आधी दाखवा. तळपाय, तळहात आणि नखाखालची काळी रेघ लोक बघतच नाहीत, गडद त्वचेच्या लोकांत मेलानोमा बहुधा तिथेच निघतो आणि बूट लागला असेल म्हणून महिने जातात. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी नुसत्या आठवणीवर भांडण होणार नाही.